हयातीची पाहणी

हेइनाईने धन्याचा उजवा हात कोमट पाण्याच्या भांड्यात मनगटापर्यंत बुडवला आणि अंगठा हलक्या हाताने चोळायला सुरुवात केली. पाणी निवलं की ओरिकु शेगडीवरच्या किटलीतलं थोडं ओतायची. तिसऱ्यांदा पाणी ओतल्यावर अंगठा जरा वळला. मग तर्जनी. हेइनाईने शेजारी ठेवलेल्या शिक्क्याची मूठ त्या दोन बोटांत बसवून पाहिली. ती निसटून गादीवर पडली.

“अजून थोडं गरम ओत,” तो म्हणाला.

“भाजेल त्याला,” ओरिकु म्हणाली.

हेइनाईने तिच्याकडे पाहिलं. तिने किटली उचलली आणि भांड्याच्या कडेकडेने, हाताला धार लागणार नाही अशी, पाणी सोडलं.

निरासावा घराण्याचे पाचवे धनी योशितादा चार दिवसांपूर्वी सकाळी वारले होते. वय एकोणीस. लग्न ठरायचं होतं. एदो शहरातल्या त्यांच्या हवेलीत ही गोष्ट नऊ माणसांना ठाऊक होती. बाकीच्यांसाठी आणि कागदोपत्री धनी आजारी होते.

कायदा साधा होता. बिनवारस सरदार मेला की त्याची जहागीर खालसा. मरणाआधी त्याने दत्तक घेतला तर घराणं चालायचं. पण तो शुद्धीवर आहे आणि दत्तकपत्रावर स्वतःच्या हाताने शिक्का उठवतो आहे, हे शोगुनच्या दरबारातून आलेल्या माणसांनी पाहायला हवं. धन्यांच्या आत्याचा धाकटा मुलगा दत्तक ठरला होता. अर्ज धनी बोलत होते तेव्हाच गेला होता. दरबाराने पाहणीची तारीख दिली ती आजची, दुपारची. धन्यांना तेवढं थांबणं जमलं नाही.

आता यात जगावेगळं काही नव्हतं. एदोतल्या निम्म्याअधिक हवेल्यांत कधी ना कधी एखादा मेलेला सरदार आडपडद्यामागून शिक्का उठवून गेला होता. येणाऱ्याला ते ठाऊक असायचं, बोलावणाऱ्यालाही ठाऊक असायचं. पाहुण्यांनी पडद्याच्या अलीकडे बसायचं, तब्येत विचारायची. मागून कोणीतरी खोकायचं. कागद आत जायचा, शिक्का उठून बाहेर यायचा, पाहुणे चहा घेऊन निघायचे. अळीमिळी गुपचिळी. अट एवढीच, की झाकलेलं ते नीट झाकलेलं हवं. माहीत असण्याचा कोणाला दंड होत नसे, दिसण्याचा होई.

आणि खालसा म्हणजे पदरच्या माणसांची दोनशे चाळीस घरं उघड्यावर. धनी नसलेल्या सामुराईचं काय होतं ते हेइनाईने पाहिलं होतं. त्याच्या ओळखीचा एक उत्तम धनुर्धारी देवळाच्या मागे बसून छत्र्यांना कागद चिकटवायचा. हेइनाई दिसला की तो पाठ फिरवायचा, आणि हेइनाईही त्याला पाठ फिरवू द्यायचा.

“मागोशिरो,” हेइनाईने हाक मारली, “पुन्हा एकदा होऊन जाऊ दे.”

मागोशिरो म्हणजे धन्यांचा हुजऱ्या, तिशीचा गडी. धन्यांची नक्कल तो धन्यांसमोरच करायचा. दोन प्याले झाले की धनीच म्हणायचे, मी कसा बोलतो ते दाखव, आणि मग हसता हसता गादीवर लवंडायचे. आज त्या नकलेवर दोनशे चाळीस चुली टांगलेल्या होत्या आणि मागोशिरोच्या ओठांवरचा रंग उडाला होता. त्याने घसा साफ केला.

“तसदी दिली. उठवत नाही. क्षमा असावी.”

ओरिकुचा हात किटलीवर थांबला.

“असं नाही,” ती म्हणाली. “शेवटचा शब्द तो गिळायचा. पुरता बाहेर येऊच द्यायचा नाही. लहानपणापासूनची खोड. मी किती ओरडले असेन त्यावरून.”

“क्षमा असा…”

“हां, असं. आणि खोकू नकोस बाबा तू म्हाताऱ्या बैलासारखा. त्याच्या छातीत एवढा जोर कुठे राहिला होता, मेल्या.”

मागोशिरो हळू खोकला. कोरडा, दोनच वेळा, आणि मग दमल्यासारखा श्वास. हेइनाईने नकळत गादीवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा त्यालाच राग आला.

ओरिकु त्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. ती धन्यांची दाई. बाकी सगळे धनी म्हणत, ती त्यांना पाळण्यातल्या नावाने त्सुरु म्हणायची, आणि आजवर त्याला कोणी हरकत घेतली नव्हती. भांड्यातल्या पाण्यात बोट घालून तिने ते चाचपलं.

“कारभारी, त्याला कोणी सांगितलंय का?”

“काय सांगायचं?”

“तो गेला म्हणून.” तिचा आवाज चढला नव्हता. “चार दिवस झाले. उदबत्ती नाही, मंत्र नाही, भटजी नाही. पेज मी आणते, मीच पिते आणि रिकामी वाटी परत नेते. कोणाला रडायची सोय नाही. त्याला बिचाऱ्याला वाटत असेल, आपण आजारीच आहोत अजून. कंटाळला असेल पडून पडून.”

“दुपारपर्यंत थांब,” हेइनाई म्हणाला. “एकदा पाहुणे गेले की मग तुझ्या मनासारखं सगळं कर. तोवर तो आजारी आहे. मलाही तेच वाटतंय असं समज.”

“करणार तर मीच आहे. याच्या आजोबांचं मी केलं, बापाचं केलं, आईचं केलं, दोघा थोरल्या भावांचं केलं. हा राहिला होता.”

“ठाऊक आहे मला.”

“हा माझं करील, असं वाटायचं,” ओरिकु म्हणाली आणि किटली भरायला उठली.

निरासावा हे काही आभाळातून पडलेलं घराणं नव्हतं. मूळ पुरुष गोनबेइ हा पायदळातला भालेकरी, आणि जन्म चिखलातला. एका हिवाळ्यात त्याच्या सरदाराची तीन हजारांची फौज दलदलीपाशी अडकली. मागे शत्रू, पुढे बर्फ, आणि बर्फ कुठे पक्का नि कुठे कच्चा ते कोणाला सांगता येईना. गोनबेइने आभाळाकडे पाहिलं. रानहंस उतरतात तिथे उघडं पाणी, उतरत नाहीत तिथे बर्फ पक्का, एवढं चिखलातल्या माणसाला कळतं. फौज सुखरूप पलीकडे गेली. बक्षीस म्हणून ती दलदलच त्याला जहागीर मिळाली, तेव्हा लोक पोट धरून हसले. त्याच्या मुलाने चर खणून दलदलीचा निचरा केला, भात पिकवलं. मग हसणारे सोयरीक मागायला आले. नातवाच्या काळात साठ घोडेस्वार पदरी होते आणि खुद्द शोगुनचे काका हवेलीत जेवून गेले होते. त्या दिवशी वीस वर्षांचा हेइनाई दाराशी बसला होता. आत जायची त्याची पायरी नव्हती, तरी पुढे कैक वर्षं तो त्या जेवणाचं वर्णन करायचा, जणू काही शेजारीच बसला होता.

त्यानंतर उतरण लागली आणि उतरणीला काही निमित्त लागत नाही. एका वर्षी पूर, पुढची दोन वर्षं दुष्काळ. मग शहराला आग लागली, तीत मोठा दिवाणखाना गेला. मग देवीची साथ. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. बावीस वर्षांत त्या हवेलीतून पाच प्रेतं निघाली. लोकांनी येणं सोडलं. अशा घरी कशाला जायचं, असं कोणी बोलत नसे, पण कोणी येतही नसे. शेवटी उरला हा एक मुलगा, आणि त्याच्या मागे हा म्हातारा कारभारी. हेइनाईला वाटायचं, आपल्या हयातीत आपण हे घर धरून ठेवू. फार मोठी अपेक्षा नव्हती ती.

बोटं अखेर वळली. शिक्का मुठीत बसला आणि बसून राहिला. हेइनाईने मागोशिरोला दाखवलं: मनगट खालून कसं धरायचं, कागदावर कसं टेकवायचं, किती दाबायचं. तीन कोऱ्या कागदांवर तीन शिक्के उठले. तिसरा चांगला आला. मग ते तिन्ही कागद शेगडीत घातले.

मेलेल्या माणसाचं सगळं जिवंताच्या उलट करायचं, ही रीत पोरासोरांनाही ठाऊक असते. तेव्हा उलट असं काही राहिलं नाही ना, हे हेइनाईने स्वतः एकेक करून पाहिलं. उशी दक्षिणेला होती. अंगरख्याची डावी बाजू वर, जिवंत माणसाची असते तशी. चेहऱ्यावर पांढरं फडकं नाही, छातीवर कट्यार नाही, उशाशी भाताची वाटी नाही. अंगणात औषधाचा काढा अखंड उकळत ठेवला होता, त्याचा उग्र वास बाहेरच्या रस्त्यापर्यंत जात होता. थंडीने गोष्टी सोप्या केल्या होत्या. तरी खोलीत शेगडी नको, म्हणून त्याने हात शेकायची शेगडीही बाहेर पाठवली.

ओरिकुने वखारीतून आडपडदा आणला. दोन घड्यांचा, लाकडी चौकटीवर कागद ताणलेला, पुढून सोनेरी आणि त्यावर रानहंस रंगवलेले, मागून साधा निळा. चांगले म्हणावेत असे बाकीचे सगळे आगीत गेले होते. तिने तो गादीच्या पुढ्यात उभा केला, घडी उघडली, बाहीने धूळ पुसली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. हेइनाई पाहुण्यांच्या जागी जाऊन बसला आणि तिथून काय दिसतं ते त्याने पाहिलं.

“जरा डावीकडे घे. पाय दिसतात.”

“आता?”

“आता ठीक आहे.”

तो खरोखर पाहत होता. पाहण्यात त्याने काही कसूर केली असं कोणाला म्हणता आलं नसतं.

दुपारी पाहुणे आले तेव्हा मुख्य दरवाजापाशी तुडवलेल्या बर्फाचा चिखल झाला होता. हेइनाई त्या चिखलात गुडघे टेकून बसला. अशा पाहणीला नेहमी दोघे येतात, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायला. थोरला कोमियामा, पन्नाशी उलटलेला, गुडघेदुखीने जरा लंगडत होता. धाकटा तोकुरा. त्याची ही पहिलीच पाहणी असावी. त्याच्या कपड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

“उठा, कारभारी, उठा,” कोमियामा म्हणाला. “या वयात गुडघे जपावेत. माझे तर गेलेच.”

“आपण या हवेत तसदी घेतलीत.”

“औषधाचा वास दमदार आहे.”

“चार दिवस उकळतंय.”

“उकळू द्या, उकळू द्या,” कोमियामा म्हणाला आणि पायऱ्या चढला. माणूस समजूतदार होता. घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडायची त्याला घाई होती, आणि हेइनाईच्या मते जगात यापेक्षा चांगला सद्गुण नव्हता.

ओरिकु बाहेरच्या खोलीत सरकत्या दाराआड थांबली. मागोशिरो आधीच आडपडद्यामागे जाऊन बसला होता. पाहुणे आत आले, जागेवर बसले. कोमियामाने दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून सोयीचा केला, पंखा मिटून समोर ठेवला आणि मान वर केली. मग तो बराच वेळ हलला नाही.

“तब्येत कशी आहे?” त्याने शेवटी विचारलं.

“तसदी दिली,” आडपडद्यामागून आवाज आला. “उठवत नाही. क्षमा असा…”

आवाज उत्तम होता. खोकलाही वेळेवर आला. हेइनाईने दत्तकपत्र तबकात ठेवून पुढे केलं. कोमियामाने ते घेतलं नाही.

“कोमियामासाहेब,” तोकुरा हळूच म्हणाला. तो समोर पाहत होता.

“दिसतंय मला,” कोमियामा म्हणाला, आणि हेइनाईकडे वळला. “कारभारी, बर्फावरचं ऊन फार आत येतंय. असं करा, आम्ही दोघं बाहेर बसून चहा घेतो. तेवढ्यात तो आडपडदा काढून नीट लावून घ्या.”

पडदा काढा, म्हणजे आतलं दाखवा, एवढंच हेइनाईने ऐकलं. समजूतदार चेहऱ्याची माणसंच असे सापळे लावतात, असंही त्याला वाटून गेलं.

“धन्यांना उजेड सोसत नाही,” तो म्हणाला. “आहे तसाच राहू द्यावा, अशी विनंती आहे.”

“आहे तसाच?”

“हो.”

कोमियामाने आडपडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, “हे हंस कुठले?”

“आमच्याच दलदलीतले. आमच्या मूळ पुरुषांनी ज्यांच्याकडे पाहून फौज पार नेली ते.”

“आणि निघालेत कुठे?”

“घरी.” हेइनाईने आडपडद्याकडे पाहिलंसुद्धा. चार रात्री डोळा लागला नव्हता, सोनेरी कागद डोळ्यांपुढे नुसता चकाकत होता. “शोगुनचे काका इथे जेवायला आले, तेव्हा हाच त्यांच्या मागे उभा होता. चाळीस वर्षं पाहतोय मी.”

“असेच?”

“असेच. सगळं जिथल्या तिथे आहे, साहेब.”

तोकुराने लेखणी काढली होती. कोमियामाने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे.

“हा माझा तेरावा आजारी सरदार,” तो सावकाश म्हणाला. “बारा जणांची तब्येत मी विचारली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. कारभारी, एकट्याने पाहिलेलं विसरता येतं. दोघांनी पाहिलेलं लिहावं लागतं.”

त्याने पंखा बाजूला सारला. आडपडद्याकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि दुखऱ्या गुडघ्यासकट कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकला.

“निरासावा योशितादा यांच्या निधनाचं दुःख झालं,” तो म्हणाला. “जायचं वय नव्हतं.”

मागोशिरोला दिसत होती ती आडपडद्याची पाठ, साध्या निळ्या कागदाची, जिला वरखाली असं काही नसतं. पाहुणे बोलून थांबले की उत्तर द्यायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. भीतीने त्याला शब्द नीट ऐकू गेले नसावेत.

“तसदी घेतलीत,” तो धन्यांच्या आवाजात म्हणाला. “उपकार झा…”

तोकुराची लेखणी कागदावर टेकून राहिली, आणि तिथे शाईचा ठिपका पसरला.

तेव्हा हेइनाईने पाहिलं. लव्हाळी वरून खाली लोंबत होती. चंद्र जमिनीला टेकला होता. तिन्ही हंस पाय वर करून उताणे पडले होते.

घरात माणूस गेलं की त्याच्यापुढे आडपडदा उलटा उभा करतात. प्रत्येक घरात करतात, कोमियामाच्याही, तोकुराच्याही. इथे आगीनंतर पाहुणे येईनासे झाले, तेव्हापासून हा आडपडदा वखारीतून पाच वेळा बाहेर निघाला होता, पाचही वेळा या खोलीत, पाचही वेळा असाच. ओरिकुचे हात त्याला असाच ओळखत होते. आणि चाळीस वर्षं पाहणाऱ्या हेइनाईच्या डोळ्यांतून त्यातली सुलटी वर्षं कधी पुसली गेली, ते त्याला कळलं नव्हतं. हंस सुलटे कसे दिसायचे ते आठवून पाहायचा त्याने तिथल्या तिथे प्रयत्न केला. आठवेना.

दरवाजापर्यंत तो पाहुण्यांना पोहोचवायला गेला. दोघांच्या मागून चालताना त्याला दोनशे चाळीस घरांतली एकेक नाव आठवत होतं आणि प्रत्येक नावापाशी त्याचं पाऊल अडखळत होतं. पायरीवर कोमियामा थांबला.

“गुडघा फार दुखतोय. अहवाल परवाच्या आधी माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही. दरवाजावर जप्तीचे बांबू आडवे ठोकायला माणसं त्यानंतर येतील. दोन दिवसांत काय ते उरकून घ्या.”

हेइनाईने मान लववली.

“एक राहिलं. आडपडदा कोणी लावला, ते लिहावं लागेल. दरबाराला फसवायला बसलात, हे त्या आडपडद्यावरूनच उघड झालं, तेव्हा नाव हवं. मी ज्याचं नाव लिहिणार, त्याला पोट चिरायचा हुकूम येणार. विचार करून सांगा. घाई नाही.”

“मी लावला,” हेइनाई म्हणाला.

“विचार करा म्हटलं मी.”

“केला.”

तोकुराने उभ्या उभ्याच लिहून घेतलं. उसुई हेइनाई, कारभारी, वय एकसष्ट. वय त्याने विचारून घेतलं.

हेइनाई आत आला तेव्हा मागोशिरो बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. एव्हाना त्याला कळलं होतं. हेइनाईने त्याला मागच्या चाळीतल्या लोकांना एकत्र बोलावून ठेवायला पाठवलं. तो उठला आणि गेला.

ओरिकु धन्यांच्या गादीजवळ बसली होती. उदबत्त्यांची पुडी तिच्या मांडीवर होती.

“पार पडलं ना?” तिने विचारलं. “दाराआडून काही धड ऐकू येत नाही. शेवटचं ‘उपकार झा…’ तेवढं ऐकलं. अगदी त्याच्यासारखं म्हणाला मेला. माझ्या तर अंगावर काटा आला.”

“पाहुण्यांनी धन्यांना नमस्कार केला,” हेइनाई म्हणाला. “कपाळ टेकून.”

“खरं?” तिचा चेहरा उजळला. “मग आता सांगू ना मी त्याला?”

“सांग.”

ती कामाला लागली. उशी फिरवून उत्तरेकडे केली. अंगरख्याची उजवी बाजू वर घेतली, नाडी उलट्या गाठीने बांधली. उशाशी भाताची वाटी ठेवली, छातीवर कट्यार. एकेक करता करता ती बोलत होती, आजारी मुलाला अंघोळ घालताना बोलावं तशी.

“त्सुरु, ऐक. तू गेलास बाळा. चार दिवस झाले. सकाळी, पेज घ्यायच्या आधीच. तुला सांगायचं राहून गेलं. रागावू नकोस, कारभाऱ्यांवरही रागावू नकोस. तुझ्या घरासाठीच केलं त्यांनी. आता तू जा. पुढे तुझी आई असेल, तुला ती आठवत नसेल, पण तुला ती ओळखेल. तिला सांग, खोकल्यावर सगळे उपाय केले म्हणून.”

तिने उदबत्ती लावली. चार दिवसांच्या काढ्याच्या वासावर तो वास हळूहळू चढला. मग पांढरं फडकं उचलून, चेहऱ्यावर हात फिरवून, तिने ते अंथरलं. आता ती रडत होती, पण काम थांबलं नव्हतं.

“आडपडदा तेवढा राहिला,” ती म्हणाली.

हेइनाई तिला थांबवणार होता. तोवर ओरिकु पुढच्या बाजूला गेली, तिने घडी मिटली, दोन्ही कडांना धरून आडपडदा फिरवायला वीतभर उचलला आणि तशीच उभी राहिली. मग तिने तो खाली टेकवला. घडी पुन्हा उघडली. वरच्या लव्हाळ्यांकडे पाहिलं, मग वाकून खालच्या चंद्राकडे.

“कारभारी, हा तर उलटाच आहे.”

“हो.”

“सकाळी मी जेव्हा…”

“मी लावला तो,” हेइनाई म्हणाला. “तू नुसती धूळ पुसलीस. त्यांनी तसं लिहूनही घेतलंय.”

ओरिकु खाली बसली. लिहून घेणं म्हणजे काय, हे अशा घरात सारं आयुष्य काढलेल्या बाईला समजवावं लागत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे. ती काही नाकारायला गेली नाही, आणि त्याचे उपकारही तिने मानले नाहीत.

“केव्हा?” तिने विचारलं.

“अहवाल परवा जाईल. त्यानंतर एखाद-दुसरा दिवस.”

“तुमचं करायला आहे कोण?”

“तूच. दुसरं कोण उरलंय.”

ओरिकुने मान हलवली. बाहीने डोळे पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आडपडद्याची एक कड किंचित सरकली होती ती सरळ केली.

“मग हा मी वखारीत नेऊन ठेवत नाही,” ती म्हणाली.